लहान मुलांच्या घरातलं वाचन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. गोष्ट संपली की मुलं खाली खेळायला पळतात आणि आई-बाबा, आजी-आजोबा मागे रेंगाळतात. खरे प्रश्न तेव्हा निघतात. उरलेले रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर येतात. तीच उत्तरं इतक्यांदा टाइप केली की एकदा सगळी एका जागी उतरवून काढावीत असं ठरवलं. वय तान्ह्या बाळापासून साधारण चौथीपर्यंतचं धरलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे. मी शिक्षिका नाही, डॉक्टर तर नाहीच. दोन मुलांची आई आहे आणि आठवड्यातून दोन दिवस वाचनालयाच्या बालविभागात बसते, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

१. बाळ आठ महिन्यांचं आहे. पुस्तक दिलं की थेट तोंडात घालतं. आत्तापासून वाचून दाखवण्यात काही अर्थ आहे का?

आहे. या वयात प्रत्येक वस्तूची ओळख तोंडानेच होते, पुस्तक त्याला अपवाद कसं असेल? जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं, पानावर एकच मोठं चित्र असलेलं पुस्तक घ्या आणि चघळू द्या. गोष्ट वाचायची नाहीच. चित्रावर बोट ठेवून "हा बघ काऊ, काव काव" एवढंच. दोन मिनिटांत बाळ रांगत निघून गेलं तर आजचं वाचन संपलं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं की, बाळ तान्हं असल्यापासून त्याला मोठ्याने वाचून दाखवा, असं पालकांच्या कानावर घालत जा. आपल्या आज्या हे काम पुस्तकाशिवाय करत आल्या. 'इथे इथे बस रे मोरा' म्हणताना बाळाचं बोट तळहातावर टेकवायचं, त्याने हाताकडे बघायचं, तोच सूर पुन्हा यायचा. तळहाताच्या जागी पान आलं, इतकाच फरक.

२. रोज किती वेळ आणि नेमकं कधी? आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी यायला आठ वाजतात.

दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. वेळ घड्याळाला बांधू नका, एखाद्या कामाला बांधा. 'साडेनऊला वाचायचं' हे चार दिवस टिकतं. 'अंथरूण घातलं की वाचायचं' हे टिकतं, कारण अंथरूण रोज घातलंच जातं. रात्री तुमचेच डोळे मिटत असतील तर सकाळ बघा. आमच्या कट्ट्यावर येणारे एक बाबा एसटीत कंडक्टर आहेत, ड्यूटी रोज बदलते. ते मुलीला शाळेसाठी तयार करताना, दूध थंड होईपर्यंत वाचतात. पाच मिनिटांत जेवढं होईल तेवढं, उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या दुधावर.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. तसं केलं की त्याचा गृहपाठ होतो.

३. खरं सांगायचं तर आम्ही दोघंही वाचत नाही. मग मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार?

सांगू नकाच. घरात वाचन दिसलं तर मुलं ते उचलतात, सांगून फारसं काही होत नाही. आणि दिसण्यासाठी जाडजूड कादंबऱ्या लागत नाहीत. वर्तमानपत्रातली एखादी गमतीची बातमी मोठ्याने वाचा. पाककृती बघून पदार्थ करत असाल तर "बघ, इथे लिहिलंय दोन वाट्या रवा" असं म्हणा. औषधाच्या बाटलीवरची तारीख, एसटीवरची पाटी, लग्नपत्रिकेतली नावं हे सगळं वाचनच आहे.

अडचण मोबाइलची आहे. तुम्ही मोबाइलवर उत्तम लेख वाचत असाल, पण समोरच्या चार वर्षांच्या मुलाला लेख आणि रील यांतला फरक दिसत नाही. त्याला फक्त वाकलेली मान दिसते. म्हणून घरात थोडंतरी कागदावरचं वाचन हवं, असं माझं मत झालं आहे.

काही आया हळू आवाजात सांगतात, "माझं शिक्षण चौथीपर्यंत, मला अडखळत वाचता येतं." अडखळत वाचा. मुलाला वार्ताहराचा आवाज नको असतो, तुमचा हवा असतो. सुरुवातीला शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं घ्या आणि गोष्ट आपल्या मनाने सांगा.

४. आमची लेक रोज तेच पुस्तक मागते. मला आता ते पाठ झालंय आणि नकोसंही. दुसरं सुरू कसं करू?

पाठ तिलाही झालंय, म्हणून तर हवं आहे. पुढे काय होणार हे माहीत असताना ते तसंच घडलेलं बघण्यात लहान मुलांना भारी समाधान असतं. भोपळ्यातली म्हातारी दर वेळी सुखरूप घरी पोहोचते, म्हणूनच ती दर वेळी ऐकायची असते. शिवाय तिसऱ्या-चौथ्या वेळेला मूल नवे शब्द उचलायला लागतं. पहिल्या वेळी ते फक्त गोष्टीच्या मागे धावत असतं.

मी स्वतः हत्तीचं एक पुस्तक कंटाळून कपाटामागे लपवलं होतं. मुलगी अडीच वर्षांची होती. तिने रडारड केली नाही. समोर उशी उघडल्यासारखी धरली आणि पानं उलटल्याच्या अभिनयासह सगळी गोष्ट शब्दशः म्हणून दाखवली. मी निमूटपणे पुस्तक काढून दिलं. उपाय इतकाच: तिचं एक, तुमचं एक. आधी तुमचं नवीन, मग तिचं जुनं. उलटा क्रम लावलात तर तुमच्या पुस्तकाची पाळी यायच्या आत ती झोपेल.

५. वाचताना मुलगा स्थिर बसत नाही, मधेमधे प्रश्न विचारतो. गोष्ट पूर्णच होत नाही.

गोष्ट पूर्ण झालीच पाहिजे असा नियम कोणी केला? मुलगा गाडी फिरवत फिरवतही ऐकत असतो. खात्री हवी असेल तर एखादा शब्द मुद्दाम बदलून बघा, लगेच ओरडेल.

प्रश्नांचं तर स्वागत करा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी काहींना त्यांनी वाचताना थांबून विचारायला शिकवलं: हा काय करतोय, आता कुठे जाईल? मुलाच्या उत्तराला आपली थोडी भर घालायची. महिनाभरात ही मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. म्हणजे मुलगा "कुत्रा!" म्हणाला तर "हो, ओला कुत्रा, पावसात भिजलाय" असं म्हणायचं. उत्तर हो-नाहीत संपेल असे प्रश्न टाळा. आणि दर पानाला प्रश्न विचारत सुटू नका, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

६. गोष्ट झाल्यावर तात्पर्य विचारायचं का?

नाही. या एका बाबतीत मी हटवादी आहे. आपल्याला शाळेत 'या गोष्टीवरून काय शिकलात' विचारलं गेलं म्हणून आपणही विचारतो. मुलाला गोष्टीतलं काय लागलं, हे बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही. ससा-कासवाच्या गोष्टीनंतर कट्ट्यावरच्या एका मुलाने विचारलं होतं, "सशाला उठवायला कुणीच का नाही गेलं?" तात्पर्य विचारलं असतं तर तो हे बोलला नसता, 'सतत प्रयत्न करावेत' म्हणाला असता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

७. पुस्तकं महाग वाटतात, आणि मुलं वर्षभरात त्यांतून बाहेर पडतात. चांगली मराठी पुस्तकं कमी खर्चात कुठून मिळवायची?

आधी वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित वाचनालयं तालुक्या-गावापर्यंत आहेत. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी भरायची आणि पुस्तक बदलून आणायचं. बालविभागाची वर्गणी बहुतेक ठिकाणी मोठ्यांपेक्षा कमी असते. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. इतक्या जुन्या संस्था, पण कित्येक पालकांना आपल्या घरामागच्या वाचनालयाचा जिना माहीत नसतो. गोव्यातल्या वाचकांनी पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांना नक्की न्यावं. ते १८३२ पासूनचं आहे आणि त्याचा मुलांचा विभाग ऐसपैस आहे.

मुलाच्या नावाचं वेगळं कार्ड काढा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. तो तुमच्या मते फालतू पुस्तक उचलेल. उचलू द्या, आठ दिवसांनी परतच करायचं आहे. कपाटं कुलपात असतील तर ग्रंथपालांना उघडायला सांगा. संकोच करू नका. आम्हा बालविभागात बसणाऱ्यांना कुणी काही मागितलं की बरंच वाटतं.

विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही स्वस्तात स्वस्त आहेत. चित्रं उत्तम हवी असतील तर ज्योत्स्ना प्रकाशन बघा. चेन्नईचं तूलिका मराठीतही आणि दोन भाषा शेजारी-शेजारी छापूनही पुस्तकं काढतं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे. तिथे चार पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आतल्या, म्हणजे नुकतं वाचायला लागलेल्याला झेपणाऱ्या असतात.

दुसरी-तिसरीपासून बालभारतीचं 'किशोर' मासिक लावा. ते १९७१ पासून निघतं, आणि जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. आजोबा-नातवंडांनी एकत्र बसून चाळावेत असे आहेत ते, आजोबांना उठवणं अवघड होतं एवढंच. दिवाळीला मोठ्यांचे चार अंक घेत असाल तर त्यांत मुलांचा एक असू द्या. १९०९ पासूनची ही आपली रीत आहे, मुलांना तिच्यातून का वगळायचं? साधना साप्ताहिकाचा बालकुमार अंक दर दिवाळीला येतो. महाबळेश्वर-पाचगणीला गेलात तर भिलारला अर्धा दिवस काढा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घराच्या ओसरीत बसून वाचता येतं, आणि नंतर स्ट्रॉबेरी आहेतच.

रद्दीच्या दुकानाला विसरू नका. आमच्या घरातली निम्मी पुस्तकं वजनावर आली आहेत.

८. पुस्तकं फाडतो, त्यांवर रेघोट्या मारतो. वरच्या फळीवर ठेवावीत का?

वर ठेवलेलं पुस्तक फाटत नाही आणि वाचलंही जात नाही. खालच्या फळीवर, मुखपृष्ठ दिसेल असं ठेवा. फाटलं तर चिकटपट्टी लावायला त्यालाच बसवा. वाचनालयाचं पुस्तक मात्र वेगळ्या पिशवीत, आणि ते मोठ्यांबरोबरच उघडायचं. फाटलंच तर लपवू नका. बहुतेक ग्रंथपालांनी यापेक्षा वाईट पाहिलेलं असतं.

९. शेजारची मुलगी साडेचार वर्षांची, सगळी बाराखडी वाचते. आमचा पाच वर्षांचा आहे आणि त्याला स्वतःचं नावही ओळखता येत नाही. उशीर झालाय का?

नाही. केंद्र सरकारच्या २०२१ मधल्या 'निपुण भारत' मोहिमेचं उद्दिष्टसुद्धा तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं असं आहे, बालवाडी संपेपर्यंत नव्हे. साडेचार वर्षांच्या मुलीला जमलं तर छानच आहे. तेवढ्यावरून दोघांची शर्यत लावू नका.

पाचव्या वर्षी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. गोष्ट ऐकून तो आपल्या शब्दांत सांगतो का? 'काका' आणि 'काकडी' यांची सुरुवात सारखी आहे हे कानाला कळतं का? पुस्तक सुलटं धरतो का? हे जमत असेल तर अक्षरं मागून येतील. नावाचं म्हणाल तर त्याच्या पाण्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून टाका. शाळेत बाटल्यांची अदलाबदल झाली की आपोआप ओळखायला शिकेल.

१०. पहिलीत आहे. क, म, ळ वेगवेगळी ओळखते, पण 'कमळ' वाचता येत नाही. आणि जोडाक्षर आलं की रडू. काय चुकतंय?

काही चुकत नाही. आपली लिपी सोपी आहे असं आपण म्हणतो, कारण ती शिकतानाचा त्रास आपण विसरलो आहोत. जरा तिच्या डोळ्यांनी बघा.

ती 'क', 'म', 'ळ' प्रत्येक अक्षर लांबवून म्हणते. तिन्ही तशीच जोडली तर 'कमळ' होतच नाही, कारण बोलताना आपण शेवटच्या ळ मधला अ गिळतो. म्हणून अक्षरं सुटी म्हणायला लावण्यापेक्षा तुम्ही शब्दावरून बोट भरभर सरकवत एका दमात म्हणा. दोन अक्षरी शब्दांपासून सुरू करा: घर, नळ, वड, फळ. काना आधी. मग दीर्घ वेलांटी, कारण ती बोलण्याच्या क्रमानेच येते. ऱ्हस्व वेलांटीत गंमत होते, चिन्ह आधी दिसतं आणि उच्चार नंतर येतो. 'दिवा' वाचताना मूल त्या आकड्यापाशीच थबकतं, त्यात नवल नाही.

अनुस्वार त्याहून लबाड. आंब्यात तो म असतो, चंदनात न, अंगणात आणखी तिसराच. र तर बहुरूपी: सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या, चार शब्दांत चार रूपं, आणि सूर्यातला र ऐकू येतो आधी, पण दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. चार मधला च आणि चारा मधला च वेगळे उच्चारायचे, पण लिहायचे सारखेच. हे सगळं नियम म्हणून शिकवायला गेलात तर दोघींनाही रडू येईल. मुलीला हे शब्द कानाने आधीच माहीत आहेत. तिला म्हणा, "तुला माहीत असलेला शब्द आहे, आं... पिवळा असतो, उन्हाळ्यात येतो." ओळखीचा शब्द सापडला की लिपीचं कोडं मागाहून सुटतं.

सराव पुस्तकातच हवा असं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावा: मीठ, डाळ, हळद, साखर, पोहे. जोडाक्षरांसाठी बिस्किटं, खोबऱ्याची वाटी, कोल्हापुरी मसाला. महिन्याच्या किराणा मालाची यादी तिला वाचू द्या. आणि वाचताना अडली तर मनात तीन आकडे मोजा, मग शब्द सांगून टाका आणि पुढे चला. एका शब्दावर पाच मिनिटं घालवली तर गोष्ट मरते.

बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातही अक्षरं क-ख-ग च्या क्रमाने येत नाहीत, गटागटाने येतात, म्हणजे चार-पाच अक्षरांतच शब्द तयार होतात. 'ज्ञ' पर्यंत पोहोचल्याशिवाय वाचनच सुरू करायचं नाही, हा आजोबांचा आग्रह प्रेमाने बाजूला ठेवा.

११. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. मराठी वाचन कधी आणि कसं सुरू करावं? गोंधळ होणार नाही ना?

दोन लिप्यांनी मुलांचा गोंधळ होतो ही भीती अनाठायी आहे. एका भाषेत 'छापलेल्या खुणांना अर्थ असतो' हे उमगलं की दुसरीत ते पुन्हा शिकावं लागत नाही. खरी अडचण वेळेची आहे. इंग्रजीला शाळा आहे, मराठीला फक्त तुम्ही.

म्हणून घरातलं मोठ्याने वाचन मराठीतच ठेवा. शाळेत मराठी सुरू झालं की अक्षरं ते शिकवतील, पण 'हिरमुसला', 'लगबग', 'चुळबुळ' हे शब्द धड्यात भेटतीलच असं नाही, ते तुमच्या तोंडून यायला हवेत. स्वतः वाचायला मात्र वयापेक्षा खालच्या पायरीचं पुस्तक द्या. इथे एक पेच येतो. आठ वर्षांच्या मुलीला इंग्रजीत जाड पुस्तक वाचता येतं, आणि मराठीत 'बाळ दूध पितं' वाचायची तिला लाज वाटते. तिला धाकट्या भावासाठी वाचायला सांगा. मग ते बाळबोध पुस्तक तिच्या नावावर राहत नाही.

१२. आमच्या घरात अहिराणी बोलतात. पुस्तकातली मराठी मुलाला परकी वाटते. आधी बोली सुधारावी का?

बोली बिघडलेली नसते, मग सुधारायची काय? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कुठलीही असो, वाचताना खुशाल आपल्या बोलीत सांगा. पुस्तकातलं वाक्य वाचा, लगेच घरच्या भाषेत म्हणा. मुलाला कळतं की एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. पुण्या-मुंबईच्या घरांतही हे घडतंच: आपण बोलतो 'केलं', पुस्तक म्हणतं 'केले'. मुलाने 'केले' असं छापलेलं 'केलं' वाचलं तर दुरुस्त करू नका. त्याचा अर्थ तो समजून वाचतोय.

१३. आम्ही परदेशात आहोत. मराठी पुस्तकं कमी आणि मराठी बोलणारे त्याहून कमी.

आजी-आजोबांना कामाला लावा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक सांगलीत, एक तुमच्याकडे. व्हिडिओ कॉलवर आजी वाचते, नातू आपल्या प्रतीची पानं उलटतो. नुसत्या 'जेवलास का, शाळा कशी आहे' या बोलण्याला दोन मिनिटांत ओहोटी लागते, पुस्तक असलं की अर्धा तास जातो. उत्तर अमेरिकेत असाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा पुष्कळ शहरांत आहेत, तिथे पुस्तकांची अदलाबदल सुरू करता येईल. स्टोरीवीव्हरबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलं आहे. अक्षरओळखीची घाई असेल तर आधी प्रश्न ११ वाचा.

१४. मोबाइलवरची गोष्ट किंवा ऑडिओ पुस्तक हे वाचनात धरायचं का?

ऑडिओ, हो. पूर्वीची आकाशवाणी आणि आजीची कहाणी ऐकणंच होतं. गाडीत, जेवताना, तापात पडल्यावर उत्तम. पडद्यावरची गोष्ट तुम्ही शेजारी बसून पानं उलटत वाचत असाल तरी हरकत नाही. पण मोबाइल हातात देऊन आपण पोळ्या लाटायला गेलो तर पाचव्या मिनिटाला गोष्ट गेलेली असते आणि काहीतरी वेगळंच नाचत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि कमी तितकं चांगलं असंही म्हटलं आहे. त्या तासात गोष्टीही मोजा.

१५. आजी पुस्तकातून वाचत नाही, तोंडीच गोष्टी सांगते. ते वाचनासाठी उपयोगी आहे का?

फार. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की मुलाला कळतं की आता नेहमीच्या बोलण्याहून वेगळी भाषा सुरू झाली, आणि 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सफळ संपूर्ण' म्हटलं की ती संपली. सुरुवात, मध्य, शेवट याचा सांगाडा कानातून आत जातो. आजीची एखादी गोष्ट लिहून काढा, मुलाला चित्रं काढू द्या, पानं टाचा. आमच्या घरात सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक हे असंच आहे, आणि त्यात शुद्धलेखनाच्या किमान तीस चुका आहेत.

१६. मुलगा आता स्वतः वाचतो. वाचून दाखवणं बंद करायचं ना?

नका. दुसरीतला मुलगा स्वतः जे वाचू शकतो, त्याच्या कितीतरी पुढचं त्याला ऐकून समजतं. स्वतःसाठी छोटी गोष्ट, तुमच्याकडून लांब कादंबरी, रोज एक प्रकरण. ज्या दिवशी तो म्हणेल "राहू दे, मी वाचतो, तू हळू वाचतेस," त्या दिवशी थांबा. आमच्याकडे तो दिवस पाचवीत आला आणि मला दोन दिवस करमलं नाही.

१७. फक्त कॉमिक्स वाचते. किंवा फक्त डायनासोर. चालेल का?

चालेल. डायनासोरवाली मुलं पाच-सहा अक्षरी नावं न अडखळता वाचतात, ते बघून 'जोडाक्षर जमत नाही' ही तक्रार कुठे जाते कोण जाणे.

१८. एक सात वर्षांचा, एक तीन वर्षांची. एकाला आवडतं ते दुसरीला कळत नाही. दोघांना एकत्र कसं वाचून दाखवू?

धाकटीचं आधी, ती लवकर पेंगते, मग मोठ्याचं. थोरला 'बाळाचं पुस्तक' म्हणून नाक मुरडतो पण कान तिकडेच असतात. निवडीवरून भांडणं होत असतील तर सम तारखेला एकाची पाळी, विषम तारखेला दुसऱ्याची, असं आम्ही लावलं होतं. महिनाभर सुरळीत चाललं. मग ३१ तारीख आली आणि लगेच १ तारीख. दोन्ही विषम! त्या रात्रीचं वर्णन करत नाही. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावाची अक्षरं लिहितो.

मोठ्याने धाकटीला वाचून दाखवणं उत्तम आहे, फक्त ती त्याची रोजची ड्यूटी करू नका.

१९. जुन्या गोष्टींत सावत्र आई दुष्ट, काळी राक्षसीण, गोरी राजकन्या असं असतं. लांडगा कुणाला तरी खातो. हे वाचून दाखवावं का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. लांडग्याची भीती चालते. तुमच्या मांडीवर बसून घाबरणं ही सुरक्षित भीती असते, आणि मुलाला ती नको असेल तर ते स्वतःच पान उलटतं. मरणही पुस्तकात आधी भेटलं तर बरं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र पुस्तक आधी स्वतः वाचून घ्या आणि मुलाने विचारलं तरच बोला.

काळ्या-गोऱ्याचं तसं नाही. वाचताना मी 'गोरीपान' हा शब्द गाळते किंवा 'हसरी' म्हणते, निर्लज्जपणे. मूल वाचायला लागलं की ही चोरी पकडली जाते. मग सरळ विचारते, "असं का लिहिलं असेल? तुला पटतं?" सावत्र आई असलेल्या घरांत तर हे फारच जपून. कट्ट्यावर एकदा अशी गोष्ट निवडायची चूक माझ्याकडून झाली आहे, समोरच्या एका मुलीचा चेहरा अजून आठवतो.

२०. पुस्तकामागे दहा रुपये किंवा चॉकलेट असं बक्षीस ठेवावं का?

ठेवलंत तर पातळ पुस्तकं भराभर संपतील. बक्षीस द्यायचंच असेल तर दुसरं पुस्तक द्या, किंवा दिवा पंधरा मिनिटं उशिरा बंद करायची सवलत.

२१. तिसरीतली मुलगी धाडधाड वाचते, पण काय वाचलं विचारलं तर सांगता येत नाही.

आधी ते 'विचारणं' परीक्षेसारखं होत नाही ना, ते बघा (प्रश्न ६). तसं नसेल तर ती अक्षरांच्या मागे पळतेय, अर्थ मागे सुटतोय. शाळेत वेगाने वाचणाऱ्याचं कौतुक होतं, त्याचा हा परिणाम असू शकतो. तिच्याकडून संवाद वाचून घ्या, एक पात्र ती, एक तुम्ही. रागाचं वाक्य रागाने म्हणायचं तर ते कळावं लागतं. कधी कधी अडचण वाचनाची नसते, शब्दच अनोळखी असतात. आयुष्यात मोट, जातं, उखळ न पाहिलेल्या मुलीला ग्रामीण गोष्ट कशी कळणार? असे शब्द थांबून दाखवा, निदान चित्रात.

२२. दुसरी संपत आली तरी वाचता येत नाही. बोलण्यात हुशार आहे, गणितही बरं आहे. शाळा म्हणते लक्ष देत नाही. घरचे म्हणतात आळशी आहे.

आळशी हा शब्द आधी घरातून काढा. मग डोळे आणि कान तपासून घ्या, कित्येकदा कारण इतकं साधं असतं. तेही ठीक असेल, आणि रोज वाचून दाखवूनही सारखी दिसणारी अक्षरं उलटसुलट होणं, कालचा शब्द आज अनोळखी वाटणं, फळ्यावरचं उतरवताना गाळणं असं महिनोन्‌महिने चालू असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. खात्रीशीर निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास करतात, पण मदत सुरू करायला निदानाची वाट पाहावी लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात याचा समावेश आहे. ठरलेल्या सरकारी व पालिका रुग्णालयांतून प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून या कामात आहे.

या मुलांचं वाचून दाखवणं चुकूनही थांबवू नका, उलट वाढवा. अक्षरं अडली म्हणून गोष्टी का अडाव्यात? ऑडिओ पुस्तकं यांच्यासाठी तर वरदान आहेत (प्रश्न १४).

२३. आमचा उलटा त्रास आहे. मुलगी वाचतच बसते. जेवायला उठत नाही, पाहुणे आले तरी मान वर करत नाही, संडासातही पुस्तक. ओरडावं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईच्या आवाजात तक्रार कमी आणि फुशारकी जास्त होती, तरी उत्तर देते. जेवताना पुस्तक बंद, हा नियम सगळ्यांच्या मोबाइललाही लावणार असाल तरच लावा. उजेड पुरेसा ठेवा आणि रोज संध्याकाळी बाहेर हाकला. मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना चष्म्याचा उणे नंबर लागायचं प्रमाण कमी असतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. शाळेत मैत्रिणी नाहीत म्हणून पुस्तकात लपतेय असं वाटलं, तर तो प्रश्न वाचनाचा नाही, तिच्याशी निवांत बोला.

संडासातल्या पुस्तकाचं काय करायचं ते आम्हालाही जमलेलं नाही. फक्त ते वाचनालयाचं नसावं.